सरकारी तिजोरीचा मापारी

(जासई येथें ग्रामस्थांच्या सभेंत एका शिक्षकानें केलेलें भाषण)



खळ्यावर भात मोजावयास सावकाराचाच मापारी आला, तर कुळाच्या पदरांत काय पडतें हें मीं सांगावयास नको. सरकारी तिजोरीचेंहि तसेंच आहे. खर्च करणारा व हिशेब तपासणारा एकच असला, कीं रयत बुडाली म्हणून समजावें.

कंपनीचें राज्य जाऊन १८५८ सालीं राणीचें राज्य आलें, त्याच सालीं जमाखर्च ठेवण्यास अकौंटंट जनरल नेमला गेला. १८६० सालीं सर एडमंड ड्रमंड पहिले ऑडिटर जनरल झाले. १९१९ च्या कायद्यानें हा अधिकारी हिंदुस्थान सरकारच्या हाताखालून निघाला; पण नेमणूक विलायतेंतील भारतमंत्र्याची! शेतसारा भरणार रयत, मिठाचा कर देणार गरीब, आणि जाब मागणार विलायत!

२६ जानेवारी १९५० पासून हें पालटलें. घटनेच्या १४८ व्या कलमानें भारताचा नियंत्रक व महालेखापरीक्षक हें पद निर्माण झालें, पहिले व्ही. नरहरी राव. या अधिकाऱ्याचें काम न्यायाधीशांच्या कामाहूनहि महत्त्वाचें आहे, असें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९४९ सालीं घटना समितींत सांगितलें. त्यास राष्ट्रपति नेमतात. पण सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशाप्रमाणें संसदेच्या ठरावावांचून काढतां येत नाहीं, आणि पद सुटल्यावर दुसरी सरकारी नोकरीहि नाहीं. म्हणजे ना भीति, ना लालूच.

परंतु तो शेरा लिहितो. दंड करीत नाहीं. शाळा तपासणारे साहेब शेरेबुकांत लिहून जातात; कोणी विचारलें नाहीं तर बुक कपाटांतच राहतें. १९७० सालीं निघालेल्या सिडकोसाठीं आपल्या जमिनी गेल्या. १९८४ च्या जानेवारींत योग्य मोबदला मागतांना जासई व नवघर येथें गोळीबारांत पांच जणांचे प्राण गेले. त्याच सिडकोच्या कामांच्या ठेक्यांत दोष दाखविणारा महालेखापरीक्षकांचा अहवाल मार्च २०२० मध्यें विधिमंडळापुढें आला. आपल्यापैकीं किती जणांनीं तो मागून वाचला?

गांवचा हिशेब तर हाताशींच आहे. ग्रामपंचायतीचे हिशेब स्थानिक निधि लेखापरीक्षा खातें तपासतें. त्याचा कायदा १९३० चा. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणें आर्थिक वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेपुढें जमाखर्च, शेवटचा तपासणीचा शेरा व त्यावरील उत्तरें ठेवावीं लागतात. त्या दिवशीं पुरुषांनीं व बायकांनींहि यावें. ज्यास वाचतां येत नाहीं त्यानें शाळेंतल्या पोराला बरोबर आणावें. सही-अंगठा करण्यापूर्वीं "शेरा वाचा" एवढे दोन शब्द बोलावे. मापारी प्रामाणिक असला तरी धनी खळ्यावर हजर पाहिजेच!