साईड बी वरची चार मिनिटं
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला 'नवीन तंत्रज्ञान' यावर बोलायला सांगितलं. मी बोलणार आहे एका जुन्या कॅसेटवर.

माझं आजोळ अंबड तालुक्यातलं. मामाने टेपरेकॉर्डर घेतला तेव्हा पहिल्यांदा आज्जीच्या जात्यावरच्या ओव्या भरून घेतल्या. दहावीच्या सुट्टीत मला सिनेमाची गाणी भरायची होती आणि कोरी कॅसेट घ्यायला पैसे नव्हते. मी आज्जीच्या कॅसेटवर गाणी भरली. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन बारीक प्लॅस्टिकचे तुकडे असतात, ते मोडले की वर दुसरं काही भरता येत नाही. मामाने ते मोडले नव्हते. आणि मोडले असते तरी त्या भोकावर चिकटपट्टी लावायची युक्ती आपल्या वर्गात कोणाला माहीत नव्हती? आज्जीला मी कधी सांगितलं नाही. ती गेली.

पुढे 'पारी' या पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या संकेतस्थळावर जात्यावरच्या ओव्या सापडल्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या दोघांनी पुण्यातून हे काम उभं केलं. कार्यकर्ते गावोगाव गेले, बायांकडून ओव्या ऐकून लिहून घेतल्या. हजारावर गावं, तीन हजारांवर बाया आणि एक लाखाच्या वर ओव्या. पुढे बर्नार्ड बेल यांनी आवाज ध्वनिमुद्रित केले, सुमारे १२० तासांचे. २०१७ पासून त्या ओव्या 'पारी'वर मजकूर, अनुवाद आणि जमेल तिथे आवाजासह येऊ लागल्या. गोदावरी ओलांडली की पलीकडे माजलगाव. तिथल्या भीमनगरातल्या बायांनी १९९६ साली बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या मी जालन्यात बसून मोबाईलवर ऐकल्या. भाषा आपलीच, हेल आपलाच. प्रत्येक ओवीला बाईचं नाव आणि गाव. मी ऐकत होतो आणि आठवत होती ती आमची कॅसेट.

शोधली. धान्याच्या कोठीमागे होती, फितीवर पांढरी बुरशी. घाईने लावली असती तर फीत तुटली असती. एका जाणत्या माणसाने बुरशी काढून दिली, टेपचं हेड स्पिरिटने पुसलं, मग वायर लावून संगणकावर घेतली. यात घाई चालत नाही. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटंच लागतात, बसून ऐकावीच लागते. मूळ प्रत 'वेव्ह' फाईलमध्ये ठेवायची. व्हॉट्सॲपवर पाठवायला एमपीथ्री चालते, पण त्यात आवाज कापला जातो, म्हणून जपायची ती मूळ. एक प्रत संगणकावर, एक वेगळ्या हार्डडिस्कवर, एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे. मोबाईल हरवला की सगळं गेलं, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे.

साईड बी वर माझी गाणी शेवटपर्यंत पुरली नव्हती. शेवटची चार मिनिटं आज्जीची आहेत. मागे जात्याची घरघर. माझी आई ऐकताना उठून आत गेली.

आपल्या स्नेहसंमेलनांच्या, सरांच्या निरोपाच्या भाषणांच्या, घरच्या भारुड-कीर्तनाच्या कॅसेटी तुमच्याही माळ्यावर असतील. नोंदणीच्या टेबलाशेजारी एक खोका ठेवला आहे. कॅसेट टाका, सोबत चिठ्ठी: कोणाचा आवाज, कुठलं गाव, साधारण कोणतं साल. चिठ्ठीशिवाय नको. आणि आवाज घरातल्या कोणाचा असेल तर तो सगळ्यांना ऐकवायचा की नाही, हे आधी त्यांनाच विचारा.

चिठ्ठीचा एवढा आग्रह का, ते सांगतो. त्या चार मिनिटांत आज्जीच्या जोडीला आणखी एक बाई गाते आहे. आवाज आज्जीपेक्षा गोड. मामा आता राहिला नाही, आईला ती कोण ते आठवत नाही. अंबडकडच्या मंडळींनी जेवणानंतर पाच मिनिटं थांबावं, मी ती फाईल लावणार आहे. ती तुमच्यापैकी कोणाची आज्जी असू शकते.