स्वस्त दिसणारा शेअर



परदेशी शेअर मोबाइलवरून घेता येऊ लागल्यापासून आपल्याकडच्या गुंतवणूकदारांच्या बोलण्यात मेमरी चिप बनवणाऱ्या मायक्रॉनचं नाव वरचेवर येतं. तशी मोठी कंपनी आपल्या शेअर बाजारात नाही. साणंदला मायक्रॉनचा प्रकल्प आहे, पण तो चिपच्या जुळणीचा आणि तपासणीचा. त्यामुळे ज्याला मेमरीत पैसे घालायचे आहेत, त्याला परदेशी बाजार गाठावा लागतो. तिथे पैसे पाठवण्याआधी या धंद्याची चाल समजून घ्यायला हवी.

संगणकातली डीरॅम मेमरी जगात मुख्यतः तीन कंपन्या बनवतात: कोरियाच्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, आणि अमेरिकेची मायक्रॉन. हा माल ठरलेल्या मापाचा असतो. एकीची पट्टी काढून दुसरीची बसवली तरी संगणक चालतो. म्हणून भाव कंपनी ठरवत नाही, बाजार ठरवतो. लासलगावच्या कांद्यासारखंच हे. भाव चढला की सगळेच लावतात आणि पीक एकदमच बाजारात येतं. फरक एवढाच, की चिपचा नवा कारखाना उभा राहून माल द्यायला दोन-तीन वर्षं घेतो. तोवर मागणी कुठल्या कुठे गेलेली असते.

या धंद्यानं भलेभले गारद केले आहेत. इंटेलची सुरुवात मेमरीपासून झाली होती. जपानी मालापुढे टिकाव लागेना, तेव्हा 1985 मध्ये तिनं डीरॅम सोडून दिली. जर्मनीच्या किमोंडाचं दिवाळं 2009 मध्ये निघालं, जपानच्या एल्पिडाचं 2012 मध्ये. एल्पिडा पुढे मायक्रॉननंच विकत घेतली.

आता गुंतवणूकदाराच्या नेहमीच्या हिशेबाकडे येऊ. शेअर महाग की स्वस्त हे आपण पी/ई पाहून ठरवतो, म्हणजे भावाला शेअरमागच्या कमाईनं भागतो. मे 2018 च्या अखेरीस मायक्रॉनचा भाव साठ डॉलरच्या आसपास होता. त्या आर्थिक वर्षाची कमाई शेअरमागे सुमारे साडेअकरा डॉलर झाली. साठला साडेअकरानं भागा. पी/ई आला सुमारे पाच. इतकी नफ्यातली कंपनी पाचपटीला मिळत असेल, तर कोण सोडेल? पण डिसेंबरअखेर तोच शेअर तिशीच्या घरात आला, आणि पुढच्या आर्थिक वर्षी नफा निम्म्याहून खाली गेला.

उलटंही पाहा. 2023 च्या आर्थिक वर्षात मायक्रॉनला सुमारे 5.8 अब्ज डॉलरचा तोटा झाला. कमाईच नाही, तर पी/ई काढणार कसा? पण त्याच कॅलेंडर वर्षात शेअर पन्नासच्या आसपासवरून पंच्याऐंशीच्या आसपास चढला.

म्हणजे मेमरीच्या शेअरमध्ये पी/ई उलटा वाचावा लागतो. नफा भरभरून दिसतो तेव्हा भाव शिखराजवळ असतो, आणि तोटा दिसतो तेव्हा बाजार पुढच्या तेजीचा अंदाज बांधू लागलेला असतो. म्हणून नफ्याआधी दोन आकडे पाहावेत. एक, कंपनीकडे किती दिवसांचा माल पडून आहे. दुसरा, तिन्ही कंपन्या नव्या कारखान्यांवर किती खर्च करणार आहेत. साठा वाढतोय आणि खर्चही वाढतोय, असं दिसलं की सावध व्हावं.

यावर आजचा गुंतवणूकदार म्हणेल, आता काळ बदललाय. त्यात तथ्य आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांना एचबीएम नावाची मेमरी लागते. तिच्यात डीरॅमचे थर एकावर एक रचलेले असतात, आणि तेवढ्याच क्षमतेच्या साध्या डीरॅमपेक्षा तिला कितीतरी जास्त सिलिकॉन लागतं. तिचे सौदेही बरेच आधी होतात. कारखाने तिकडे वळले, साधी मेमरी कमी पडली आणि 2025 च्या अखेरीस रॅमचे भाव भराभर चढले. तेजी खरी आहे. पण 2000 ची तेजीही खरीच होती. त्या जुलैत मायक्रॉनचा शेअर 97 डॉलरच्या आसपास पोचला होता. तो भाव पुन्हा दिसायला 2022 उजाडलं. शिखरावर घेणाऱ्यानं मुद्दल सुटायला एकवीस वर्षांहून अधिक वाट पाहिली.

तेव्हा या शेअरमध्ये उतरायचंच असेल, तर पाच-दहा वर्षं कुलपात ठेवायची रक्कम इथे घालू नये. बुडाली तरी घरखर्चाला धक्का लागणार नाही, एवढीच घालावी. तीही एकदम न घालता टप्प्याटप्प्यानं. घेतानाच विकण्याची अट वहीत लिहून ठेवावी: साठा किती वाढला तर निम्मे विकायचे आणि कधी सगळे. डॉलरच्या दरातले चढउतार हिशेबात धरावेत, आणि प्राप्तिकर विवरणात परदेशी मालमत्तेचा तक्ता भरायला विसरू नये. विकण्याची अट लिहिता येत नसेल, तर तो शेअर अजून आपल्याला समजलेला नाही असं खुशाल धरून चालावं आणि पैसे बँकेतच राहू द्यावेत.