कळवळ्याला हातही हवेत

बीड जिल्ह्यातल्या आमच्या कड्यात लहानपणी कुणी गोऱ्हा बडवायला घेतला, की मी कानात बोटं घालून पळायचो. पुढं जनावरांच्या दवाखान्यात गोऱ्हा धरता धरता डॉक्टरांकडून बर्डिझो चिमट्याचं काम शिकलो. आधी बधिरतेचं इंजेक्शन. मग एकेक नस वेगळी दाबायची, मधली कातडी मोकळी सोडायची. नाहीतर पिशवी सडते. कातडी फाटत नाही, रक्त येत नाही. नंतरही काही आठवडे गोऱ्हा गाईंपासून दूरच ठेवायचा.

गोशाळेत हे वेळेवर झालं नाही, तर वासरं वाढतात अन् दुष्काळात चारा पुरत नाही. कळवळा माझ्याकडं तेव्हाही होता, श्रोतेहो. पण तो नुसता पळत होता.