जांबचा देव्हारा



रामनवमीस दोन प्रहरीं सर्वत्र एक जन्म साजरा होतो. आमच्या जालना जिल्ह्यांत घनसावंगी तालुक्यांतील जांब या गांवीं दोन होतात. शके १५३० च्या, म्हणजे इ. स. १६०८ च्या, चैत्र शुद्ध नवमीस सूर्याजीपंत ठोसर व राणूबाई यांच्या पोटीं नारायण जन्मला तो येथेंच. पुढें जग त्याला समर्थ रामदास म्हणूं लागलें आणि गांवालाहि 'जांब समर्थ' हें नांव पडलें.

'सावधान' हा शब्द कानीं पडतांच बारा वर्षांचा नारायण बोहल्यावरून निघून गेला, ही कथा ज्याला ठाऊक नाहीं असा मराठी माणूस विरळा. मला मात्र त्याच्या जाण्यापेक्षां परत येण्याचा प्रसंग अधिक जवळचा वाटतो. बारा वर्षें नाशिकजवळ टाकळीस आणि बारा वर्षें तीर्थाटनांत काढून तो दारीं उभा राहिला तेव्हां, परंपरा सांगते, राणूबाईंची दृष्टि गेली होती. आवाजावरून तिनें मुलाला ओळखलें. मधल्या काळांत घर आणि घरचे देव सांभाळले ते थोरले बंधु गंगाधरपंतांनीं. त्यांनाच श्रेष्ठ म्हणतात. एकानें देश पाहिला, दुसऱ्यानें देव्हारा राखला. शाळेंत मीं धाकट्यावर तासच्या तास बोललों, थोरल्यावर पांच मिनिटें. मास्तरांच्या हातून असा पक्षपात होतो खरा.

२०२२ सालीं श्रावण सरत आला असतां एका रात्रीं हा देव्हारा रिकामा झाला. पिढ्यान्‌पिढ्या पूजिलेल्या पंचधातूच्या राम, लक्ष्मण, सीता, मारुति यांच्या मूर्ति चोरीस गेल्या. वर्तमानपत्र हातांत घेऊन माझ्या नातवानें विचारलें, "आजोबा, रामाची मूर्ति केवढी होती हो? हातांत धनुष्य होतें का?"

मला उत्तर देतां येईना. किती वेळां दर्शन घेतलें, मुलांच्या किती सहली तेथें नेल्या! मनाचे २०५ श्लोक मला मुखोद्गत. परंतु मूर्ति डोळ्यांपुढें येईना. दर वेळीं तिच्यासमोर उभा राहिलों आणि भक्तिभावानें डोळे मिटून घेतले, त्याचें हें फळ.

या विवंचनेंत असतां नेपाळांतील नेवार लोकांची एक हकीकत वाचनांत आली. पाटण ही त्यांची पुरातन नगरी. देवळें, चौक, घरांच्या कोरीव खिडक्या यांसाठीं ती विख्यात आहे. तेथील एका आळींतली लक्ष्मीनारायणाची पाषाणमूर्ति १९८४ सालीं चोरीस गेली व पुढें अमेरिकेंत डॅलस येथील संग्रहालयांत प्रकट झाली. ती तेथलीच आहे हें सिद्ध कसें झालें? लैनसिंग बांगदेल या चित्रकारानें चोरीस गेलेल्या मूर्तींचीं छायाचित्रें १९८९ सालीं एका ग्रंथांत छापलीं होतीं. त्यांत हीहि होती. २०२१ सालीं देव पाटणास परतले व आपल्या जागीं पुन्हां स्थापिले गेले. श्रद्धा त्या लोकांची आपल्याहून उणी नव्हती. परंतु तेथें कोणी तरी डोळे उघडे ठेवले होते.

आमच्या जांबचे देवहि सुदैवानें लवकर सांपडले. त्याच वर्षींच्या ऑक्टोबरांत पोलिसांनीं छडा लावला. मी पुन्हां दर्शनास गेलों तेव्हां हात जोडले, डोळे मिटले नाहींत. शेजारच्या एका गृहस्थाला तें चमत्कारिक वाटलें असावें.

तेव्हांपासून रविवारीं आमच्या गल्लींतलीं चार मुलें, एक वही आणि शिंप्याची टेप घेऊन मी आसपासच्या खेड्यांत जातों. बारवेच्या पायऱ्या मोजतों, वीरगळावर काय कोरलें आहे तें लिहून घेतों, छायाचित्र काढतों. मागील महिन्यांत एका वेशींतल्या मारुतीला टेप लावली, तेव्हां ओट्यावर बसलेल्या ऐंशीच्या घरांतील एका बाईंनीं विचारलें, "गुरुजी, मारुतीला अंगरखा शिवायचा हाय का?"

"नाहीं मावशी," मीं म्हटलें, "उद्यां कोणी विचारलें तर सांगतां यावें म्हणून."

"मंग लिहा," त्या म्हणाल्या, "शेपटीचा शेंडा मोडल्याला हाय. मी लगीन होऊन आले तवाबी तसाच व्हता."

आम्हीं शेंदूर जरा बाजूला करून पाहिलें. शेंडा खरोखरच मोडलेला होता.