कौटुंबिक मोटार आणि डिझेलचा हिशेब
(व्याख्यानाचा मजकूर)



डिझेल हे नाव खेड्यापाड्यांना नवीन नाही. विहिरीवरच्या पंपाचे इंजिन, एस.टी.ची गाडी, मालाचा ट्रक, शेतातील ट्रॅक्टर, मांडवी-जुवारीतून खनिज वाहणारी बार्ज, समुद्रात जाणारा ट्रॉलर, ही सारी डिझेलवर चालत आली आहेत. कष्टाच्या कामाचे हे इंधन. घरची मोटार मात्र पेट्रोलची, अशी वाटणी कित्येक वर्षे जणू ठरून गेलेली होती. ती वाटणी एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मोडली. २०१२-१३ या वर्षी देशात विकल्या गेलेल्या नव्या प्रवासी मोटारींपैकी निम्म्याहून अधिक डिझेलच्या होत्या. पुढील दहा वर्षांच्या आत हेच प्रमाण सुमारे पंचमांशावर आले. इतक्या अल्प काळात लोकांची पसंती अशी दोनदा का पालटावी? याचे उत्तर इंजिनात थोडे आणि पंपावरच्या दराच्या फलकात फार आहे.

इंजिनाचा गुण प्रथम पाहू. पेट्रोल-इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण दाबून त्यावर प्लगची ठिणगी पाडतात. डिझेल-इंजिनाला ही ठिणगी लागत नाही. त्यात नुसती हवा मूळ आकारमानाच्या सोळाव्या-अठराव्या हिश्शाइतकी दाबली जाते. दाबलेली हवा इतकी तापते की तीत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. सायकलच्या टायरात हवा भरताना पंपाची नळी गरम होते, तोच हा प्रकार. जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये हे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले. अधिक दाबामुळे इंधनातील अधिक शक्ती कामी येते. शिवाय एक लिटर डिझेल एक लिटर पेट्रोलपेक्षा वजनाला जड असते व त्यात उष्णताही अधिक असते. म्हणून डिझेलची गाडी ॲव्हरेज जास्त देते. पण हाच दाब सोसण्यासाठी इंजिनाचे भाग भक्कम करावे लागतात आणि फवारणीची यंत्रणा नाजूक व खर्चिक असते. गाडी घेतानाच पैसे जास्त मोजावे लागतात ते त्यामुळे.

भारतात ॲम्बॅसडर डिझेलवर धावू लागली ती १९८० च्या सुमारास. तिचा आवाज आणि धूर लक्षात घेता टॅक्सीवाल्यांखेरीज तिच्याकडे फारसे कोणी वळले नाही, यात नवल नाही. डिसेंबर १९९८ मध्ये पुण्याच्या टाटा कंपनीने इंडिका आणली आणि लहान कुटुंबाला परवडेल अशी डिझेल मोटार बाजारात आली. पुढे अतिशय उच्च दाबाने इंधन फवारणारी नवी पद्धत आली, तिने आवाज आणि थरथर कमी केली. मारुतीने २००७ मध्ये स्विफ्टला फियाटचे डिझेल इंजिन बसविले आणि प्रतीक्षायाद्या लागू लागल्या.

तथापि खरा लोंढा आला तो जून २०१० नंतर. त्या महिन्यात केंद्र शासनाने पेट्रोलच्या दरावरील नियंत्रण काढून घेतले. डिझेलचा दर मात्र शासनच ठरवीत राहिले. त्यामागचा हेतू उघड होता : डिझेल महागले तर मालवाहतूक, एस.टी.चे तिकीट आणि शेतीची मशागत महागेल. हेतू चांगला होता, पण पंपावरची नळी टाकी कोणाची हे ओळखत नाही. शेतकऱ्याच्या कॅनमध्ये पडणारे स्वस्त डिझेल वीस लाखांच्या मोटारीतही त्याच भावाने पडू लागले. किरीट पारीख समितीने फेब्रुवारी २०१० मध्येच हा धोका ओळखून डिझेल मोटारींवर ८० हजार रुपयांचे जादा उत्पादन शुल्क लावावे, अशी शिफारस केली होती. ती अमलात आली नाही.

राज्याराज्यांचे कर वेगळे असल्याने हिशेबासाठी दिल्लीचेच दर घेऊ. २४ मे २०१२ रोजी तेथे पेट्रोल ७३ रुपये १८ पैसे, तर डिझेल ४० रुपये ९१ पैसे लिटर होते. समजा, पेट्रोलची लहान गाडी लिटरला १५ किलोमीटर जाते, डिझेलची २० जाते, आणि डिझेलच्या गाडीला एक लाख रुपये जास्त पडतात. पेट्रोलला किलोमीटरमागे ४ रुपये ८८ पैसे लागले, डिझेलला २ रुपये ५ पैसे. वाचले २ रुपये ८३ पैसे. लाख रुपये वसूल व्हायला सुमारे ३५ हजार किलोमीटर गाडी पळवावी लागेल. वर्षाला आठ हजार किलोमीटर फिरणाऱ्या शिक्षकाच्या कुटुंबाला याला साडेचार वर्षे लागतात, आणि जादा लाखावरील कर्जाचे व्याज यात धरलेले नाही. शोरूममध्ये हे गणित कागदावर कोण मांडून देतो? तेथे फक्त दोन दर शेजारीशेजारी दाखविले जातात.

गोवा शासनाने याच वर्षी वेगळी वाट धरली. एप्रिल २०१२ पासून पेट्रोलवरील मूल्यवर्धित कर २० टक्क्यांवरून ०.१ टक्क्यावर आणण्यात आला व पेट्रोल लिटरला सुमारे ११ रुपयांनी उतरले. आपल्या उदाहरणातील गाडीला हे किलोमीटरमागे ७३ पैसे होतात. म्हणजे डिझेलचा चौथा हिस्सा फायदा केवळ कराच्या एका निर्णयाने नाहीसा झाला. पुढे हा कर पुन्हा वाढविण्यात आला. ज्या फायद्याच्या भरवशावर सात-आठ वर्षांचे हप्ते डोक्यावर घ्यायचे, तो एका अधिसूचनेने कसा हलतो, हे गोमंतकीयांनी दोन्ही बाजूंनी पाहिले.

या स्वस्ताईची किंमत कोणी मोजली, हेही पाहिले पाहिजे. २०१२-१३ या एका वर्षात डिझेल कमी दराने विकल्यामुळे तेल कंपन्यांना आलेली तूट ९२ हजार कोटी रुपयांहून अधिक होती. डिझेल जाते कोठे याची पाहणी पेट्रोलियम मंत्रालयाच्या विभागाने करविली. खाजगी मोटारींचा वाटा सुमारे १३ टक्के आणि ट्रॅक्टर, पंप धरून साऱ्या शेतीचा वाटाही सुमारे १३ टक्केच निघाला. जानेवारी २०१३ मध्ये तर उफराटाच न्याय झाला. घाऊक ग्राहकांना बाजारभाव लागू झाला. त्यांत रेल्वे आणि राज्य परिवहन महामंडळे आली. किरकोळ पंपावर येणाऱ्या मोटारमालकाची सवलत मात्र चालू राहिली. काही राज्यांत एस.टी.च्या गाड्या आगाराबाहेर पडून खाजगी पंपांवर रांगेत उभ्या राहिल्या. पन्नास माणसांना नेणारे इंधन महाग आणि चौघांना नेणारे स्वस्त!

त्याच महिन्यापासून किरकोळ दरही दरमहा सुमारे ५० पैशांनी वाढू लागला आणि १९ ऑक्टोबर २०१४ पासून डिझेल पूर्णपणे नियंत्रणमुक्त झाले. दिल्लीत त्या वेळी दोन्ही दरांतील अंतर ११ रुपयांच्या आसपास राहिले. वरील गणित पुन्हा मांडले तर लाख रुपये फिटायला ६० हजार किलोमीटर, म्हणजे साडेसात वर्षे. २४ जून २०२० रोजी दिल्लीत डिझेल ७९ रुपये ८८ पैसे झाले, पेट्रोल ७९ रुपये ७६ पैसेच होते. आता हिशेब ७५ हजार किलोमीटरांच्या वर, म्हणजे साडेनऊ वर्षांवर गेला. आणि दिल्ली परिसरात तर दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये बंदी केली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली. त्या परिसरातील कित्येक गाड्या मग ना-हरकत दाखला घेऊन दूरच्या राज्यांत स्वस्तात विकल्या गेल्या. जुनी डिझेल मोटार घेणाऱ्याने रंगापेक्षा आर.सी. बुकातील पहिल्या नोंदणीची तारीख आणि ठिकाण आधी वाचावे.

धुराचा प्रश्न वेगळाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला कर्करोगकारक ठरविले. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा ही कडक मानके लागू झाली. मारुतीने त्याच वेळी डिझेल मोटारी बनविणे थांबविले, कारण लहान गाडीत शुद्धीकरणाची यंत्रणा बसविण्याचा खर्च किमतीला पेलणारा नव्हता. या नव्या डिझेल गाड्यांत काजळी अडविणारी जाळी असते. साचलेली काजळी जाळण्यासाठी गाडी काही वेळ सलग वेगाने चालावी लागते. घर, शाळा आणि बाजार अशा चार-चार किलोमीटरांच्या फेऱ्यांत तेवढी उष्णता येत नाही. जाळी तुंबते, समोरचा दिवा लागतो आणि गाडी गॅरेजमध्ये उभी राहते.

याउलट पणजी-बेळगाव अशा लांबच्या फेऱ्या करून महिन्याला अडीच हजार किलोमीटर चालणारी टॅक्सी असेल, तर तिची जाळी सहसा तुंबत नाही, आणि जून २०२० च्या दरानेही तिचे जादा लाख रुपये अडीच वर्षांत वसूल होतात.