घोडे तीन, दिवस एक

‘घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे’ ही म्हण मराठी घरांतून अजूनही ऐकू येते. मात्र ती उच्चारणाऱ्यांपैकी फारच थोड्यांच्या दाराशी आज घोडा बांधलेला असतो. म्हणीतल्या व्याह्याचा हेतू वाईट होता असे कोणी म्हणत नाही. घोड्याच्या किमतीविषयी किंवा जातीविषयीही कोणाची तक्रार नाही. तक्रार आहे ती एवढीच की, त्याला वेळेवर पाणी दाखवावे लागते, चारा घालावा लागतो, त्याची लीद काढावी लागते. आधीच कामाने वाकलेल्या घरात आणखी एक तोंड आले, आणि ते असे की, ‘जरा थांब’ हे शब्द त्याला समजत नाहीत. घोडा बाळगण्याचा प्रश्न पैशाचा आहेच; परंतु पैशाच्याही आधी तो वेळेचा आहे. घोडे एकाहून अधिक झाले म्हणजे तर तो वेळेखेरीज दुसऱ्या कशाचाच उरत नाही.

खानदेशात तापीच्या काठी सारंगखेडे येथे दत्तजयंतीच्या सुमारास मोठी यात्रा भरते. तेथील घोड्यांचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. अशा बाजारात एखादा हौशी नोकरदार गृहस्थ सहज म्हणून जातो. घरी दोन घोडे आहेत. तिसरा घेण्याचा विचार नसतो. पण एखादी चार वर्षांची घोडी कान टवकारून त्याच्याकडे पाहते आणि तासाभरात व्यवहार पुरा होतो. घोडी घेण्यास एक तास लागला. पण घोड्याचे आयुष्य पंचवीस वर्षांचे, क्वचित तीस वर्षांचेही असते. चाळिशीत घेतलेले हे जनावर या गृहस्थाच्या सेवानिवृत्तीच्या दिवशीही ठाणावर उभे राहून चाऱ्याची वाट पाहत असेल. बाजारात त्याने किंमत मोजली, दात मोजले. मोजले नाहीत ते फक्त आपल्या दिवसाचे तास.

हे तास कोठे जातात ते समजण्यासाठी घोड्याची शरीररचना थोडी ध्यानात घ्यावी लागते. गाईला चार कप्प्यांचे पोट आहे. ती चारा भरून घेते आणि सावकाश रवंथ करते. घोड्याला ती सोय नाही. त्याचे जठर त्याच्या देहाच्या मानाने लहान, सुमारे आठ ते पंधरा लिटर मावेल एवढेच असते, आणि त्याला ओकारी करता येत नाही. मोकळ्या रानातला घोडा दिवसरात्र मिळून पंधरा-सोळा तास थोडे थोडे चरत असतो आणि एकंदर तीनच तासांच्या आसपास झोपतो. सकाळी एकदा आणि रात्री एकदा पोटभर, हा माणसाचा शिरस्ता त्याला मानवत नाही. चारशे किलो वजनाच्या घोड्यास दिवसाकाठी सहा ते आठ किलो सुका चारा लागतो आणि तो विभागूनच द्यावा लागतो. दाण्याची चंदी एकदम अधिक पडली, किंवा चारा कोरडा आणि पाणी अपुरे झाले, तर पोटशूळ उठतो. आणि घोड्याचा पोटशूळ एका रात्रीत जीव घेऊ शकतो. म्हणजे घोड्याचे वेळापत्रक त्याच्या आतड्यांत लिहिलेले आहे. धन्याच्या सोयीप्रमाणे त्यात फेरफार करता येत नाहीत.

आता साधा हिशेब मांडून पाहावा. पहाटे पाणी, चारा आणि जनावरावरून एक नजर, यास पंधरा मिनिटे. ठाण झाडून लीद काढण्यास वीस. खरारा आणि खूर साफ करणे यांस अर्धा तास. खोगीर चढविणे, तंग आवळणे, रपेटीनंतर खोगीर उतरवून घाम निवेपर्यंत हातात धरून फिरविणे, यास आणखी अर्धा तास. प्रत्यक्ष रपेट पाऊण तासाची. संध्याकाळची चंदी, रात्रीचा चारा आणि निजण्यापूर्वीची फेरी यांस पंचवीस मिनिटे. एकूण बेरीज पावणेतीन तासांची होते. त्यांतील पाऊणच तास घोड्यावर आणि दोन तास घोड्यापाशी. तीन घोड्यांसाठी हेच एकट्याने करावयाचे म्हटले तर सव्वाआठ तास लागतात. ही एका पूर्ण नोकरीची वेळ झाली. आणि गृहस्थाची एक नोकरी तर आधीच आहे.

जुन्या मराठी राज्यव्यवस्थेने हा हिशेब नीट ओळखला होता. शिवाजी महाराजांच्या सैन्यात शिलेदार स्वतःच्या घोड्यानिशी चाकरी करी, तर बारगीरास सरकारी पागेतील घोडा मिळे. पागेतील दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असल्याची नोंद सभासदाच्या बखरीत आहे. पाणी आणि खूर या दोन गोष्टी स्वाराच्या फुरसतीवर सोडलेल्या नव्हत्या. पखालजी आहे म्हणजे पाणी वेळेवर येणार. नालबंद आहे म्हणजे सैल झालेला नाल दुसऱ्या दिवसावर जाणार नाही. नालबंदाची फेरी आजही सहा ते आठ आठवड्यांनी व्हावीच लागते, कारण खूर नखांप्रमाणे सतत वाढत असतात. स्वार शूर असेल, पण तो थकतो, विसरतो आणि कधी कधी आळसही करतो, हे व्यवस्थेने गृहीत धरले होते.

याच काळातील एक पत्र या विषयावर मोठे मार्मिक आहे. चिपळूणच्या बाजूस छावणीला असलेल्या घोडदळाच्या अंमलदारांना महाराजांनी ते लिहविले. त्यात लढाईचे डावपेच नाहीत. आहे ती गवताची आणि दाण्याची काळजी. पावसाळ्यासाठी साठा करून ठेवला आहे. तो आताच मन मानेल तसा उधळला तर पुढे काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती अंमलदारांनीच मारल्यासारखे होईल, असे त्यात बजावले आहे. मग लोक रयतेच्या घरात शिरून दाणा, भाकरी, गवत घेऊ लागतील, हा धोकाही सांगितला आहे. गंजीजवळ चुली पेटतील, कोणी चिलीम ओढील, रात्री दिव्याची जळती वात उंदीर ओढून नेईल आणि सारे गवत जळून जाईल, इथपर्यंत ते पत्र जाते. गवत एकदा जळाल्यावर कोणास कितीही कठोर शिक्षा केली तरी त्यातून एक काडी उगवणार नाही, हा त्याचा आशय आहे. घोड्यांची निगा म्हणजे पुढच्या दिवसांचा विचार आज करणे, ही गोष्ट याहून स्पष्ट करून सांगता येणार नाही. छावणीतला निष्काळजीपणा अखेर दोघांना भोवतो: मुक्या जनावराला आणि शेजारच्या गरीब शेतकऱ्याला.

इंग्रजी अमदानीत घोडा आणि कचेरी यांची गाठ निराळ्या रीतीने पडली. सनदी नोकरीच्या उमेदवाराला घोड्यावर बसण्याची परीक्षा द्यावी लागे. अरविंद घोष लेखी परीक्षेत उत्तीर्ण झाले, पण या परीक्षेस उपस्थित राहिले नाहीत. त्यामुळे ती नोकरी त्यांना मिळाली नाही आणि १८९३ मध्ये ते बडोदे संस्थानच्या सेवेत आले. जिल्ह्यात फिरतीवर जाणाऱ्या अधिकाऱ्याला घोडा अनिवार्य होता. परंतु त्याचा घोडा सकाळी खोगीर घालून दाराशी उभा राही आणि परतल्यावर मोतद्दार लगाम हाती घेई. घोड्यापाशी घालवावयाचे दोन तास नाहीसे झालेले नव्हते. ते दुसऱ्या माणसाच्या दिवसात जाऊन बसले होते. पहाटे चार वाजता उठून हरभरा भिजला की नाही ते पाहणारा, पावसात गवताचा भारा डोक्यावरून आणणारा तो माणूस कोणत्याही दौऱ्याच्या अहवालात आढळत नाही.

आजही घोड्यांसाठी माणूस ठेवता येतो, आणि तीन घोड्यांस तो ठेवणे बहुधा भागच पडते. पण मग त्याचाही दिवस चोवीसच तासांचा आहे, त्यालाही घर आहे, ताप आहे, सणवार आहेत, हे धन्याने मानले पाहिजे. दिवाळीत मोतद्दार गावी गेला की धन्याच्या घोडेप्रेमाची खरी परीक्षा होते. त्या चार दिवसांत लीद कोण काढतो, यावरून घोडा कोणाचा ते ठरते. महाभारतात अज्ञातवासातील नकुलाने विराटाच्या अश्वशाळेत ग्रंथिक या नावाने चाकरी पत्करली. राजपुत्राला जे काम हीन वाटले नाही, ते कचेरीतील मनुष्यास वाटण्याचे कारण नाही.

वेळ पुरत नाही असे दिसल्यावर पुष्कळजण एक सोपी तडजोड करतात. आठवडाभर घोडे ठाणावर बांधून ठेवावयाचे आणि रविवारी सकाळी उणीव भरून काढावयाची. ही तडजोड धोक्याची आहे. पाश्चात्त्य देशांत ओढकामाच्या घोड्यांना रविवारी सुटी असे. काम बंद, चंदी मात्र पूर्ण. सोमवारी जुंपताच त्यांतील काही घोडे थोड्याच अंतरात घामाघूम होत, पाठीचे व मागच्या पायांचे स्नायू लाकडासारखे ताठरत आणि लघवी काळपट तांबूस होई. या विकाराला लोकांनी ‘सोमवारचा आजार’ असेच नाव दिले. स्नायूंचे तंतू मोडतात आणि त्यांतील द्रव्य मूत्रपिंडांवर येते, हे पुढे कळले. त्याची कारणे एकाहून अधिक आहेत, हेही आता ठाऊक आहे. तथापि जुना नियम टिकून आहे: विश्रांतीच्या दिवशी दाणा कमी करावा, घोड्यास पाय मोकळे करू द्यावे आणि ठाणावरून थेट भरधाव सोडू नये. असे लक्षण दिसलेच तर त्याला पुढे न चालविता जागीच थांबवून पशुवैद्यास बोलवावे. नोकरदाराच्या घोड्याच्या बाबतीत फरक एवढाच की, त्याचा ‘सोमवार’ रविवारी येतो.

मग तीन घोडे असलेल्या माणसाने करावे तरी काय? वेळ सापडत नसतो. त्याची वाटणी करावी लागते, आणि वाटणी करताना आधी क्रम ठरवावा लागतो. पहिले पाणी, मग चारा, मग खूर, मग बाहेर निघणे, मग सविस्तर खरारा, आणि शेवटी रपेट. घाईच्या दिवशी हा क्रम शेवटाकडून तोडीत यावा. आरंभाकडून कधीही नाही. बहुतेक जण नेमके उलट करतात. रपेट साधून घेतात आणि खुरात अडकलेला खडा ‘उद्या पाहू’ म्हणून सोडतात. तो खडा एका रात्रीत घोडा लंगडा करतो आणि मग पुढचे पंधरा दिवस रपेटही जाते.

प्रत्येक घोड्यावर रोज बसलेच पाहिजे असेही नाही. जुने स्वार एका घोड्यावर बसून दुसरा कोतल म्हणून हातात धरून नेत. दोन्ही घोडी एकमेकांच्या सवयीची असली आणि रस्ता निवांत असला, तर एका तासात दोघांचे चालणे होते. तिसऱ्याला लांब दोरीवर गोल फिरवावे. जुन्या भाषेत याला कावा देणे म्हणत. पंधरा-वीस मिनिटे दोन्ही बाजूंनी फिरविले तरी अंग मोकळे होते. दुसऱ्या दिवशी पाळी बदलावी. एखादे कुंपण घातलेले आवार असेल तर त्यात सोडलेला घोडा स्वतःचे पुष्कळसे काम स्वतःच करतो. तो चालतो, लोळतो, चरतो आणि धन्याचा तासभर वाचवितो. चाऱ्याच्या वाटण्या आदल्या रात्री बांधून ठेवल्या तर पहाटेची धावपळ निम्मी होते. अशा रीतीने आठवड्यात प्रत्येक घोड्यावर दोन किंवा तीन वेळा बसणे होते, आणि बाहेर पडला नाही असा एकाही घोड्याचा एकही दिवस जात नाही. रपेटीची संख्या कमी झाली तरी चालेल. हा दुसरा नियम मोडता कामा नये.

दख्खनच्या पठारावर मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या धनगरांच्या तांड्यांत घोडी असतात. त्यांच्या पाठीवर बिऱ्हाड, कोकरे, कधी लहान मूलही असते. त्या कुटुंबांना घोड्यांसाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही, कारण माणसे चालतात तेव्हाच घोडीही चालतात आणि मुक्काम होतो तेव्हाच चरतात. शहरातल्या माणसाचे जीवन असे नाही. त्याचा दिवस एका ठिकाणी जातो आणि त्याचे घोडे दुसऱ्या ठिकाणी उभे असतात. या दोहोंमधले अंतर त्याला रोज दोनदा, थंडी असो वा पाऊस असो, स्वतःच्या पायांनी कापावे लागते.

सारे उपाय करूनही वर्षअखेरीस असे दिसेल की, तीनपैकी एक घोडा नेहमी शेवटी उरतो. त्याचाच खरारा घाईत होतो, त्याचीच पाळी पावसाने चुकते, तोच भिंतीशी मान डोलवीत उभा राहतो. बहुधा ती बाजारात कान टवकारलेली घोडीच असते. अशा वेळी तिला चांगल्या हाती सोपविणे यात कमीपणा नाही. जेथे तिला रोज काम मिळेल, एखादे मूल तिच्यावर बसावयास शिकेल, असे घर शोधून द्यावे. आणि ते शोधण्यासही वेळ द्यावा, मिळेल त्या दलालाच्या हाती दोर देऊन मोकळे होऊ नये. ज्या दिवशी ती जाईल त्या दिवशी तबेला ओका वाटेल. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेल्या दोघांच्या वाट्याला, इतक्या दिवसांत प्रथमच, पुरा अर्धा तास खरारा येईल. नवा घोडा घेण्यापूर्वी तबेल्यातील रिकामी जागा सगळेच पाहतात. पाहावयाची असते ती दिवसातील रिकामी जागा.