आता तू मला सांग



मी घनसावंगी तालुक्यातल्या जांब समर्थ गावचा. १६०८ साली रामनवमीला समर्थ रामदासांचा जन्म आमच्या गावी झाला, त्यामुळे रामनवमीला गावात पाय ठेवायला जागा नसते. एरवी गाव शेतीचं. ऊस, कापूस, मोसंबी. माझ्या पिढीपासून मात्र दर वर्षी आयटीआय झालेली पाच-दहा मुलं गावातून निघतात आणि जालन्याला नाहीतर वाळूजला कारखान्यात लागतात. त्यांतलाच मी एक.

कारखान्यातला पहिला दिवस मला लख्ख आठवतो. सुपरवायझरनी मला लेथवर उभं केलं, शेजारच्या जुन्या ऑपरेटरकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "यांचं बघून शीक." माझं प्रशिक्षण तेवढंच. मी बघत राहिलो. त्यांचे हात दिसत होते, पण त्या हातांना काय कळतंय ते कुठे दिसत होतं? टूल झिजायला लागलं की कापण्याचा आवाज बदलतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. जेवणाची सुट्टी होईपर्यंत मी पेटीभर बुश मापाबाहेर काढून ठेवले. संध्याकाळी बोलणी खाल्ली. रात्री खोलीवर पडल्या पडल्या वाटलं, हे काम आपल्याला जमायचं नाही, गावी परत जावं.

पुढे बऱ्याच वर्षांनी नव्या मुलांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा ती पेटी माझ्या डोळ्यांसमोर होती. तिच्यातली माझी चूक किती आणि न शिकवण्याची किती, हा प्रश्न मला सुटला नव्हता. आज मी बोलणार आहे ते त्याच प्रश्नाविषयी.

शिकवायचं काय, ते आधी सांगतो. सध्या छोट्या कारखान्यांतही 'लीन मॅन्युफॅक्चरिंग' हा शब्द ऐकू येतो. लीन म्हणजे सडपातळ. जॉन क्राफचिक नावाच्या अभ्यासकाने १९८८ साली हा शब्द वापरला आणि तो रूढ झाला. पद्धत मात्र जपानमधल्या टोयोटा कंपनीत त्याआधी कित्येक वर्षं घडत आली होती. या शब्दाने एक घोटाळा करून ठेवला आहे. काही मालकांना वाटतं, लीन म्हणजे माणसं कमी करायची. कामगारांना वाटतं, आता आपला नंबर लागणार. दोघंही चुकतात. टोयोटाचे ताइची ओनो ज्याच्या मागे लागले होते त्याला जपानीत 'मुदा' म्हणतात. मुदा म्हणजे फुकट गेलेली मेहनत. पाना शोधायला शेड पालथी घालणं, एकदा उचलून ठेवलेला माल दुसऱ्यांदा उचलून दुसरीकडे ठेवणं, क्रेन येईपर्यंत तिघांनी उभं राहणं. गिऱ्हाइकाला नको तेवढा माल आधीच करून ठेवणं ही तर ओनोंच्या मते सगळ्यांत वाईट गोष्ट, कारण त्या ढिगाखाली बाकीच्या सगळ्या चुका झाकल्या जातात.

टोयोटाच्या या पद्धतीचं मूळ मोटारीत नाही, मागात आहे. टोयोटाच्याच घराण्यातले साकिची तोयोदा हे माग तयार करणारे गृहस्थ. धागा तुटला की आपोआप थांबेल असा माग त्यांनी बनवला. धागा तुटल्यावरही माग चालूच राहिला तर पुढचं सगळं कापड खराब निघतं, आणि त्यावर नजर ठेवायला एकेका मागापाशी एकेक माणूस उभा करावा लागतो. माग स्वतःच थांबायला लागल्यावर एका माणसाला बरेच माग सांभाळता यायला लागले. चूक पुढे जाऊ द्यायची नाही, जिथं झाली तिथंच थांबायचं, हा विचार तिथून मोटारीच्या कारखान्यात आला. तिथं साध्या कामगारालाही दोरी ओढून गडबड झाल्याचं कळवण्याची आणि वेळीच दुरुस्त झाली नाही तर लाइन थांबवण्याची मुभा मिळाली.

आता मुख्य गोष्ट. हे सगळं कामगारांना शिकवायचं कसं? बहुतेक ठिकाणी होतं ते असं : बाहेरून एक तज्ज्ञ येतात, पडद्यावर चित्रं दाखवतात, भिंतीवर टापटिपीच्या 'फाइव्ह एस' पद्धतीचे तक्ते लागतात, चहा-बिस्किटं होतात, फोटो निघतो. दोन महिन्यांनी तक्त्यावर धूळ बसलेली असते आणि पाना पुन्हा कुठेतरी हरवलेला असतो. मला याचं वाईट वाटतं, कारण त्या दिवशी कामगार खरोखर लक्ष देऊन ऐकत असतात. कमी पडतो तो शिकवणारा.

टोयोटाने शिकवण्याची जी रीत उचलली, ती खरं तर अमेरिकेची. दुसऱ्या महायुद्धात तिथले कसबी कामगार सैन्यात गेले आणि कधी यंत्राला हात न लावलेल्या बायका, शेतकरी, दुकानातली माणसं कारखान्यात आली. त्यांना झटपट तयार करायला सरकारने 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' हा कार्यक्रम काढला. युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये अमेरिकेने तो गुंडाळला. जपानने मात्र तो उचलला आणि जपून ठेवला.

रीत साधी आहे, पण करायला अवघड आहे. शिकवण्याआधी शिकवणाऱ्याने कामाच्या पायऱ्या स्वतः कागदावर लिहायच्या. प्रत्येक पायरीतली मेख काय, तेही लिहायचं. आणि ती मेख का, तेही. मग शिकणाऱ्याची भीती घालवायची, त्याला आधी काय येतं ते विचारायचं. त्यानंतर काम करून दाखवायचं, आणि तेही तीनदा. पहिल्यांदा नुसत्या पायऱ्या बोलत, दुसऱ्यांदा मेख सांगत, तिसऱ्यांदा कारण सांगत. आता त्याच्या हातात काम द्यायचं आणि म्हणायचं, "आता तू मला सांग." त्याने करत करत सांगायचं. अडखळला तर लगेच सावरायचं, कारण चुकीची सवय एकदा हाताला लागली की लवकर सुटत नाही. मग त्याला एकटं सोडायचं, पण अडलं तर कोणाला विचारायचं ते नाव सांगून. आणि स्वतः पुन्हा पुन्हा जाऊन बघायचं. या सगळ्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो : शिकणाऱ्याला आलं नाही, तर शिकवणाऱ्याने शिकवलेलंच नाही. माझ्या पेटीचा हिशोब मला तिथं मिळाला.

आमच्या गावच्या माणसाने हे ऐकल्यावर त्याचं मन समर्थांच्या दासबोधाकडे जाणारच. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचं नावच 'शिकवण' आहे, आणि त्याचा पहिला समास अध्यात्माचा नाही, लिहिण्याच्या कामाचा आहे. अक्षर कसं काढावं, हे समर्थ एखाद्या उस्तादासारखं सांगतात. पहिलं अक्षर जसं निघालं तसंच ग्रंथ संपेपर्यंत निघावं. शाईचा काळेपणा, लेखणीची जाडी, अक्षराचं वळण शेवटपर्यंत बदलू नये. ओळीला ओळ लागू नये. पानाच्या चारी बाजूंनी जागा सोडावी. आणि ही जागा का, तेही सांगतात : कागदाच्या कडा झिजून झडल्या तरी अक्षराला धक्का लागू नये. पुढे बोरू, चाकू, आखणीची साधनं, शाई, ग्रंथ बांधायचं सामान यांचा संग्रह कसा असावा, तेही येतं. पायरी, मेख, कारण, आणि हत्यारं जागच्या जागी. आमच्या शेडमध्ये भिंतीवर लिहावं लागतं ते सगळं त्यात आहे.

समर्थांना लीन माहीत होतं असं मला म्हणायचं नाही; तसं म्हणणं त्यांच्यावरही अन्याय होईल. त्यांना माहीत होतं ते हाताचं काम. त्या शिस्तीत त्यांचे शिष्य कल्याणस्वामी यांनी लिहिलेल्या डोमगावच्या प्रतीवरून धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दासबोध छापता आला. लिहिणारा गेल्यावर सुमारे दोनशे वर्षांनीही अक्षर वाचता यावं, यापेक्षा कामाची मोठी पावती कोणती?

जालन्याच्या मुलांना शिकवताना मला आणखी एका गोष्टीचा उपयोग झाला. जालना बियाण्यांसाठी प्रसिद्ध आहे तसं सळईसाठीही. भंगार वितळवायचं, त्याचे बिलेट ओतायचे, भट्टीत लाल करून रोलमधून काढायचे. बारा मिलिमीटरची सळई थांबवून सोळाची घ्यायची म्हटलं की सेटिंग बदलावं लागतं, आणि तोवर मिल उभी. हा उभा राहण्याचा वेळ कमी कसा करायचा? शिगेओ शिंगो या जपानी अभियंत्याने याचं उत्तर दिलं. टोयोटाच्या एक हजार टनी प्रेसचा डाय बदलायला चार तास लागत होते. तो वेळ आधी दीड तासावर आणि पुढे तीन मिनिटांवर आला. त्यांचं म्हणणं एवढंच, की यंत्र थांबल्यावरच करता येतं ते काम वेगळं काढा, आणि यंत्र चालू असताना करून ठेवता येईल ते आधीच करून ठेवा.

इंग्रजी शब्दांत सांगितलं तेव्हा मुलं नुसती माना हलवत होती. मग मी विचारलं, "तुमचे आजोबा तिफण कधी तयार करायचे? वापसा आल्यावर?" सगळे हसले. वापसा यायच्या कितीतरी आधी फण सुताराकडून आलेले असत, चाडं बघितलेलं असे, दोर पीळ देऊन ठेवलेले असत, बी मोजून बाजूला काढलेलं असे. पाऊस उघडला, माती हाताला चिकटेनाशी झाली की आजोबा फक्त बैल जुंपत. वापसा कोणासाठी थांबत नाही. "मिल उभी राहते तो आपला वापसा समजा," असं म्हटल्यावर मुलांनी स्वतःच यादी करायला घेतली : कोणते पाने आधी आणायचे, कोणते गाइड आधी तपासून ठेवायचे. मिलमध्ये बिहार, उत्तर प्रदेशातून आलेले कामगार पुष्कळ. त्यांच्यासाठी त्यांच्यातल्याच एका अनुभवी माणसाने हे सगळं त्याच्या बोलीत, त्याच्या गावच्या पेरणीच्या गोष्टीतून सांगितलं. माझ्या मराठीपेक्षा ते त्यांना फार लवकर पोचलं. कामगार स्वप्नं ज्या भाषेत बघतो, त्या भाषेत त्याला शिकवावं, या मताचा मी झालो आहे.

मालकांनाही एक सांगतो. कामगाराने वेळ वाचवला आणि त्याच वाचलेल्या वेळामुळे त्याच्या शेजारच्याची नोकरी गेली, तर त्या कारखान्यात पुन्हा कोणी सुधारणा सुचवणार नाही. उलट, विश्वास टाकला तर काय होतं ते बघा. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा एक कारखाना १९८२ मध्ये बंद पडला होता. कामगार सारखे गैरहजर, मालक-कामगार भांडण रोजचं. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्सनी मिळून तो पुन्हा चालू केला तेव्हा त्यात बहुतेक जुनीच माणसं घेतली. त्यांच्यातल्या टीम लीडरांना जपानला नेऊन, तिथल्या लाइनवर प्रत्यक्ष कामाला लावून शिकवलं. थोड्याच काळात तिथल्या गाड्यांचा दर्जा अमेरिकेत नाव घेण्यासारखा झाला. माणसं तीच होती. त्यांना शिकवण्याची आणि त्यांच्यावर विश्वास टाकण्याची रीत बदलली होती.

हे आज सांगायला कारणही आहे. टोयोटा किर्लोस्करने छत्रपती संभाजीनगरमध्ये सुमारे २० हजार कोटी रुपयांच्या प्रकल्पासाठी जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. असा कारखाना शेजारी येतो तेव्हा त्याला सुटे भाग पुरवणारे शेकडो छोटे कारखाने लागतात, आणि त्यांना शिकलेले हात लागतात. छोट्या उद्योगांनी ही पद्धत शिकावी म्हणून केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये लीनची नवी योजना आणली. तीत सल्लागाराच्या खर्चाचा ९० टक्के भाग सरकार उचलतं. उद्यम नोंदणी असलेल्या आपल्या भागातल्या उद्योजकांनी तिची जरूर चौकशी करावी.

शेवटी माझ्या गावचीच एक गोष्ट. आमच्या भागात मोसंबी भरपूर. मोसंबी निवडून कॅरेट भरणाऱ्या एका शेडवर बायकांना काही दाखवाल का, असं मला विचारलं गेलं. मी पहिला अख्खा दिवस नुसतं बसून पाहिलं. फळं जमिनीवर ओतलेली. निवडताना प्रत्येक फळासाठी वाकायचं, उठायचं, चार पावलं जाऊन कॅरेटमध्ये टाकायचं. संध्याकाळी सगळ्यांच्या कमरा धरलेल्या. काय बदलायचं ते मी सांगितलं नाही, विचारलं. एक मावशी म्हणाल्या, "फळं खाटेवर ओतली तर?" दुसऱ्या दिवशी दोन जुन्या खाटा आल्या, कॅरेट खाटेच्या दोन्ही बाजूंना हाताशी मांडले. डागाचं फळ कोणतं, हे सांगायला एकेक नमुन्याचं फळ दोरीने टांगलं. आधी डाग म्हणजे किती डाग, यावर रोज वाद व्हायचा, तो थांबला. कमरेचं दुखणं कमी झालं, ही त्या बायकांनी सांगितलेली पहिली गोष्ट. माल लवकर भरून होतो, हे त्यांनी नंतर सांगितलं.

गेल्या आठवड्यात मी त्या शेडवर गेलो होतो. कामावर नवी आलेली एक मुलगी खाटेपाशी उभी होती, आणि त्याच मावशी तिला शिकवत होत्या. एक फळ हातात घेऊन त्यांनी ते अंगठ्याखाली हळूच फिरवलं, टांगलेल्या नमुन्याशेजारी धरलं, कॅरेटमध्ये न टाकता ठेवलं, आणि ठेवायचं का ते तिला सांगितलं : आपटलं की फळ आतून खराब होतं. असं तीनदा केलं. मग फळ तिच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "हं, आता तू मला सांग."